सेंट सिप्रियनच्या पक्क्या भिंती

९ मे
भिंती ओळंब्यात. छपराच्या कैच्या सरळ. पाया कोरडा. झुकलाय तो मोठ्या चर्चचा मनोरा! पण इंजिनिअर म्हणून मी 'धोकादायक' लिहायचं ते मागच्या या बुटक्या इमारतीबद्दल. वर्धापनदिनाला बिशपबाई येणार, ही पाडून गाड्या लावायला जागा हवी.

"सामानाची खोली तर आहे," विश्वस्त टॅलबट म्हणाले. "लिहून टाक, पोरी. तू काय परकी आहेस?"

सामानाची खोली! आम्हा काळ्यांचं चर्च होतं ते. सेंट सिप्रियन. अल्थियाआत्याचा बाप्तिस्मा तिथेच झाला.

१० मे
चर्चच्या इतिहासाची पुस्तिका वाचली. लेखक टॅलबटच. '१९५६ साली दोन्ही मंडळ्या आनंदाने एक झाल्या.'

आनंदाने! आत्या रविवारी प्रार्थनेला गेली तर दाराला कुलूप. गोऱ्यांच्या मोठ्या चर्चमध्ये गेली तर शेवटचा बाक. आणि सेंट सिप्रियनमध्ये वेदीच्या जागी गवत कापायचं यंत्र.

१३ मे
अहवाल दिला. इमारत पक्की.

इथले धर्मगुरू फादर ट्रेंट हळू आवाजात — "अगं, इतकं काटेकोर कशाला?"

"मग दुसरा कुणी बोलवायचा होतात."

गाडीत बसून निघाले.

१६ मे
तरी पाडायचंच म्हणतात. नियम शोधला. प्रतिष्ठा झालेलं चर्च असं परस्पर पाडता येत नाही. आधी बिशपने किंवा त्यांच्या माणसाने आत उभं राहून, ठरलेले शब्द वाचून, ही जागा आता चर्च नाही असं जाहीर करायचं. सेंट सिप्रियनला कुणी आलंच नाही. कुलूप लावलं, संपलं! म्हणजे अजून ते चर्चच आहे.

टॅलबट लालबुंद. "सत्तर वर्षांनी हे उकरून काय मिळणार तुला?"

नियमाचा कागद त्यांच्यासमोर ठेवून निघाले.

१७ मे
आत्याला सांगायला धावत गेले. आता पाडू शकत नाहीत!

ती शेंगा सोलत राहिली. "भात खाऊन जा," एवढंच. तिच्यासाठी भांडतेय, आणि भात! न जेवता निघाले. तिचाही राग आला.

१८ मे
सकाळीच आत्याचा फोन. "पाडू दे. तिथून जाताना अजून तोंड फिरवते मी. तुला वाचवायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. मी तिला विचारलंच नव्हतं.

"पण बिशपबाईंना आधी आत आण. हे चर्च होतं, असं त्या मोठ्याने म्हणू देत. टॅलबटला समोर उभा कर. मग पाडा."