ओठांत टाचण्या

३ जून
हे बोलले! झटका आल्यापासून आज पहिल्यांदा. शब्द कोणता — तर ‘मिनिट’! डॉक्टरांनी नाव विचारलं — “मिनिट.” माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण — “मिनिट.” लेक आधी हसली, मग बाहेर जाऊन रडली.

५ जून
बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “जिभेवर जास्त घासलेला शब्दच कधीकधी उरतो.”
घासला जाणारच! शिंप्याचा जन्म. ओठांत सदा टाचण्या, आणि त्या न सांडता एवढंच बोलता येतं. गिऱ्हाईक दारात — मिनिट. म्हणजे अर्धा तास. मी ताट वाढलं — मिनिट. म्हणजे जेवण गार.
राग आला मला. एवढा संसार केला, आणि उरला तो गिऱ्हाइकांचा शब्द! मला नुसतं ‘अगं’ म्हणायचे. तेवढं तरी राहायचं होतं.

११ जून
घरी आणलं. पुढे दुकान, पडद्यामागे खाट.
हळूहळू कळायला लागलंय. तुटक ‘मिनिट’ — पाणी. लांबवलं की कूस वळवायची. कण्हत म्हटलं की दुखतंय. लेक म्हणते, “आई, तू आता डिक्शनरीच काढ!”
पण रोज सकाळी समोर बसून विचारते, मी कोण? नुसते बघत राहतात. मला ओळखतात की नाही, हाच एक घोर लागलाय.

१२ जून
आजही नाही.

१८ जून
पोस्टमन आला होता. निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला टाकलेला, अर्धाच राहिलाय. “राहू द्या काकू, मास्तर बरे झाले की बघू.” बरे झाले की! म्हटलं, मीच पुरा करते. काजं, बटणं, तुरपाई आजवर मीच केली. बाह्या तेवढ्या ह्यांच्या.
पडदा सारून मशीनवर बसले. हे टक लावून बघत होते. डावी बाही उजवीकडे लावली मी — “मिनिट! मिनिट! मिनिट!” चक्क ओरडले! उसवली. मग दोघंही हसलो. किती दिवसांनी.

२३ जून
लिहायला आज बसवतंय.
परवा पोस्टमन कोट घालून बघायला आला, म्हणून पडदा ओढला होता. तो गेल्यावर दुसरी बाही टाचत होते. मागून हाक आली — “अगं.” स्वच्छ. पूर्वीसारखी.
माझ्या ओठांत टाचण्या. सवयीनं म्हटलं, “मिनिट.”
टाचण्या डबीत ठेवल्या, पडदा सारला. डोळे पडद्याकडेच लागलेले. तोवर हे गेले होते.