बाहेरून लावलेलं कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी राज्य संघाची यष्टिरक्षक व नंतर क्रिकेट संघटनेची सचिव, ही शेवटची इच्छा कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. धाकट्या भावाला ते पटणार नाही. त्याला माझा इलाज नाही.

कलम एक. ग्लोव्हज, पॅड आणि बॅटी मुलींच्या संघाला द्याव्यात. उजवा ग्लोव्ह आतून वेडावाकडा झाला आहे. करंगळी चेंडूनं मोडली होती, बाकीची बोटं माणसांनी मोडली.

कलम दोन. भावाच्या मेहुण्याला छदामही देऊ नये. हा मुलींचा प्रशिक्षक होता. झेल सुटला म्हणून त्याने एका मुलीला बॅटच्या दांड्यानं मारलं. तिच्या कानातून रक्त आलं. तो कान कायमचा गेला. मी आजन्म बंदीचा ठराव मांडला. भाऊ तेव्हा उपाध्यक्ष होता. जेवताना म्हणाला, "ताई, घरातलं माणूस आहे. जरा सांभाळून घे."

"कान फुटलाय तिचा."

"मार खाऊनच शिकतात पोरं."

"मग तू कधी शिकणार?"

त्याने ताट भिंतीवर भिरकावलं.

बैठकीच्या दिवशी भरदुपारी मेहुणा दोघांना घेऊन कार्यालयात घुसला. हातात स्टम्प होते. मागे दारात भाऊ उभा दिसला. मला वाटलं, हा मध्ये पडेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज मी ऐकला.

त्यांनी माझा हात टेबलावर दाबून बोटं ठेचली. "कर आता सही," मेहुणा म्हणाला. मी हूं की चूं केलं नाही असं लोक सांगतात, ते खोटं आहे. मी गुरासारखी ओरडले. डाव्या हाताला टेबलावरची बक्षिसाची एक ढाल लागली, ती त्याच्या तोंडावर हाणली. मग त्यांनी माझा गुडघा फोडला. मैदानाच्या माळ्यानं पहारीनं दार तोडलं तेव्हा मी जमिनीवर होते आणि माझे दात मेहुण्याच्या मनगटात रुतले होते.

"बाई, सोडा आता," माळी म्हणाला, "तो बेशुद्ध आहे."

ठरावावर मी डाव्या हातानं सही केली.

कलम तीन. बँकेतली सगळी शिल्लक त्या माळ्याला द्यावी. तो नको म्हणेल. ऐकू नये.

कलम चार, घराबाबत. कोर्टात भावानं शपथेवर सांगितलं की तो त्या दिवशी बाहेरगावी होता. मेहुणा तुरुंगात गेला, भाऊ अध्यक्ष झाला. मी काठी टेकत वर्षानुवर्षं त्याच्याच शेजारच्या खुर्चीत सचिव म्हणून बसले. गेल्या महिन्यात तो घरी आला. खचलाय.

"ताई, झालं गेलं विसर."

"काय झालं होतं?" मी विचारलं.

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "मी नव्हतो ना तिथे."

म्हणून माझ्या कमाईचं हे घर कान गमावलेल्या त्या मुलीला मिळावं. ती आता पंच आहे. भावाला एक मुभा ठेवते. मी जिवंत असेपर्यंत त्याने कधीही यावं आणि "कुलूप मी लावलं" एवढंच म्हणावं. मी हा कागद फाडून घर त्याच्या नावे करीन. माझ्यानंतर म्हणावंसं वाटलं तर तिच्यापुढे म्हणावं, आणि तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभं राहून म्हणावं. घराचं काय करायचं ते मग ती ठरवील.

वाचून, समजून, डाव्या हातानं सही केली.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली:
१. माझा हात जोडणारे हाडांचे डॉक्टर
२. संघटनेचे निवृत्त गुणलेखक

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ जून, सोमवार