तळ साफ असल्याचा कागद

प्रिय एल्स्पेथ,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. तुझी आई विचारते, "हात मोडलाय का तुमचा?" ती बरी आहे. गुडघा कुरकुरतो, जीभ नाही. धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप अजून तुझ्या आवडीचं म्हणून दाटच करते आणि आम्ही दोघं ते दोन दिवस पुरवून खातो. फ्रेझरबराच्या बंदरात आता मोजक्याच बोटी उरल्यात. माझी विकली, हे तिनं तुला कळवलं असेलच.

त्या बोटीचं शेवटचं मोठं काम तुला आठवत असेल. समुद्रातला तो जुना तेलाचा प्लॅटफॉर्म कंपनीनं कापून नेला आणि खाली काही राहिलं नाही ना, हे बघायला मला बोलावलं. साखळ्यांचं जड जाळं सगळ्या तळावरून उभं-आडवं ओढायचं. अडकलं तर कळवायचं, म्हणजे ते येऊन उचलतात. कुठेच अडकलं नाही की तळ साफ असल्याच्या कागदावर सही करायची, मग ती जागा मासेमारीला खुली. नऊ दिवस ओढलं. वाकलेले पाइप, दोरखंड, एक अख्खी शिडी वर आली. तू हसून म्हणाली होतीस, "बाबा, म्हातारपणी भंगारवाले झालात की."

आपल्या लोकांची खोड तुला ठाऊक आहे. जाळं अडकतं ती जागा आम्ही वहीत टिपतो आणि सख्ख्या भावालाही दाखवत नाही, कारण अडगळीच्या आडोशाला मासा थांबतो. माझ्या वडिलांची वही मरेपर्यंत त्यांच्या उशीखाली होती.

गॉर्डनला मी कधी तोंडभर चांगलं म्हटलं नाही. जावयाला डोक्यावर बसवू नये, असं वाटायचं. पण माणूस नेटका होता. जागा खुली झाल्यावर, त्या मार्चमध्ये, धक्क्यावर त्याच्या बोटीत बर्फ भरताना त्यानं मला विचारलं, "काय कप्तान, त्या प्लॅटफॉर्मच्या जागी जाळं ओढू ना? तळ साफ आहे ना नक्की?" मी म्हटलं, "कागद वाचता येतो ना तुला?" तो हसला आणि गेला. बोटीवरच्या तिघांपैकी कुणीच परत आलं नाही. बोटही वर काढली नाही. तळ साफ असल्याचा कागद होता, म्हणजे जाळं अडकून बोट उलटावी असं तिथे काही नव्हतं. मग चौकशीचा निकाल लागला, चालकाची हयगय.

तू लिहिलंस की रॉरी आता सात वर्षांचा झाला, बाबा कसे गेले म्हणून विचारतो, आणि तू त्याला सांगितलंस की ते जरा बेफिकीर होते. एल्स्पेथ, सातव्या दिवशी दुपारी माझं जाळं अडकलं होतं. काहीतरी जड, खोल रुतलेलं. डेकवरच्यांना मी लाटेचा हिसका म्हणालो, बोट मागे घेऊन जाळं सोडवलं आणि कुणालाही कळवलं नाही. पुढे एकट्यानं तिथे कडेकडेनं ओढीन म्हणून जागा वहीत टिपली, आणि कागदावर सही केली. वही सोबत पाठवतो आहे, शेवटचं पान बघ. त्याची नक्कल आज सकाळी चौकशीवाल्यांना टपालानं पाठवली. तुझ्या आईला जेवण झाल्यावर सांगेन. यानं कुणी परत येणार नाही. माफी मागायला मला तोंड नाही आणि तूही उत्तर लिहू नकोस. फक्त रॉरीला सांग, त्याचे बाबा विचारून गेले होते.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बाबा