खुर्चीखालची जागा

५ जुलै

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून आई गं, आई गं करतेस का? मेहुणेबुवांचा खोकला गेला, की त्यांनी त्याला घरजावई करून घेतलंय? भाच्याची पाठ, सूनबाईंची डोकेदुखी, जुळ्यांचे पडके दात, एकेकाची खुशाली वेगळी लिही. ‘सगळे मजेत’ असं एका ओळीत उरकू नकोस. सगळेच्या सगळे मजेत आहेत असं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

माझं म्हणशील तर हात चालताहेत. वाचनालयाच्या खुर्च्या विणायला आल्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. वेत भिजत घातला की खोलीभर ओल्या गवतासारखा वास सुटतो आणि तुझी वहिनी गेली हे घटकाभर विसरायला होतं.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो, ओरडू नकोस. आमचं काम जोडीचं, हे तू पाहिलंयस. खुर्ची दोन घडवंच्यांवर चढवायची. वर स्टुलावर मी, खाली पोत्यावर ती. मी भोकातून वेताची पट्टी खाली सोडायची, तिनं ती ओढून शेजारच्या भोकातून वर द्यायची. पट्टी ताठ बसली की खालून हलकासा हिसका यायचा, म्हणजे पुढे चला. बोलायची गरजच नसायची. ती गेल्यापासून मी एकटाच वर-खाली करत विणत होतो, कंबरेचा पार भुगा झाला होता. परवा तंद्रीत, न वाकताच, पट्टी खाली सोडली. ठकू, ती ओढली गेली. शेजारच्या भोकातून वर आली. मग हिसकाही आला.

मी वाकून पाहिलं नाही. पाहणारही नाही. तेव्हा दादा एकटा पडला म्हणून जीव टांगणीला लावू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता हातातला चहा निवला. फोन केला तर तू ‘बरंय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून मीही लिहायलाच बसले.

तुझ्या शेजारच्या चष्मेवाल्यांचा फोन आला होता. बिचारे आधी दहा वेळा माफ करा म्हणाले. दुकानाला दिवसभर आतून कडी असते, गिऱ्हाईक दार वाजवून माघारी जातं, असं सांगत होते. भिंतीपलीकडून तुझं बोलणं ऐकू येतं, मग थोडा वेळ शांत, आणि मग तू हसतोस. बोलतोस त्याचं मला काही नाही रे. माणूस भांड्यांशीही बोलतो. पण मधे थांबून हसतोस, ते ऐकून अंगावर काटा आला.

हे म्हणाले, दादांना इकडेच घेऊन ये. तुझा भाचा बाहेरची खोली रिकामी करून देतोय. सूनबाई म्हणाली की मामांना आपल्या हाताखाली द्या, महिनाभरात माणसात आणते. तुला ठाऊक आहे ती कशी आहे, खरंच आणेल.

पण खरं सांगू? बोलावताना माझाच आवाज बसतो. इथे माणसं एवढी, की पायात पाय येतात. सगळी एकदम बोलतात, आणि मी काय म्हणाले हे कुणी विचारत नाही. परवा मी वाळलेले कपडे परत भिजवले आणि गच्चीवर वाळत घालायला नेले. तेवढंच एकटं उभं राहायला मिळालं. तू तिथे माणसावाचून सुकतोस आणि मी इथे माणसात बुडते. बहीण-भाऊ शोभतो खरे!

निदान दार तरी उघड. उत्तर दे, नाहीतर मीच येऊन बसेन.

तुझी ठकू

२६ जुलै

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

सूनबाईंना सांग, मामा माणसातच आहे, फक्त माणसं कमी आहेत.

मी यायचा नाही. दारही उघडणार नव्हतो. चष्मेवाले चांगले आहेत, पण आत आले की बसतील कुठे? त्या पोत्याशिवाय जागा नाही. तिथे दुसरं कुणी बसलं तर ती कुठे जाईल? एकदा गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता कडी माझ्या हातात आहे.

हे असं छातीठोक लिहिणार होतो, पण काल वाचनालयाच्या बाई दोन खुर्च्या परत घेऊन आल्या. एक वजनदार म्हातारा वाचक पेपर वाचता वाचता हळूहळू खाली गेला म्हणे, आणि गुडघे तोंडापाशी येईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाई हसत होत्या. मी विणीवरून हात फिरवला. सगळ्या पट्ट्या सैल. आयुष्यात माझ्या हातून अशी वीण गेली नाही.

मग नीट ध्यान दिलं. खालचा हिसका रोज थोडा थोडा हलका होत चाललाय. आज तर पाखरानं चोच लावावी एवढाच. ठकू, ती दमलीय. मी पुन्हा पट्टी सोडू की नको, कळत नाही. नाही सोडली तर ती आहे की नाही हे मला कळणार कसं?

असं कुणाला विचारायचं? तुलाच.

तुझा दादा

३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी रडले, मग तुझा राग आला. दादा, वहिनी तुझ्याकडे घटकाभर टेकायला येत असेल, आणि तू तिला कामाला जुंपलंस! तिला बसू दे ना. जड माणसांच्या खुर्च्या ताणायला जिवंत हात लागतात.

माझं ऐक. सकाळी दार उघडायचं आणि चष्मेवाल्यांना पोत्यावर बसवायचं. दुपारी कडी लावायची. ती वेळ तुझी आणि तिची. तेव्हा काम नाही.

तुला उपदेश करायचा तर आधी आपण करावं म्हणून मी घरात जाहीर केलं, की संध्याकाळी गच्ची माझी, कुणी वर यायचं नाही. वाटलं, सूनबाई फुगेल. ती म्हणाली की तिलाही हवी होती, पण मागायची कशी? आता आम्ही पाळी लावलीय. खाली उतरलो की दोघी एकमेकींशी बऱ्या बोलतो. तुझ्या मेहुणेबुवांना गच्ची मिळाली नाही, ते न्हाणीघरात पेपर घेऊन बसतात आणि जुळी दार बडवतात.

भीती वाटेल तुला. वाटू दे. पण उघड.

तुझी ठकू

२१ ऑगस्ट

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

उघडलं. कडी अर्धी काढून मी दोनदा परत लावली, तेव्हा चष्मेवाल्यांना वाटलं मी त्यांना बाहेर ठेवायला धडपडतोय.

पोत्यावर ते बसले तेव्हा मी तोंड फिरवलं. पण माणूस मोठा वल्ली आहे. खालून सारखी बडबड चालू. पहिलीच पट्टी अशी ओढली की तुटून त्यांच्याच नाकावर बसली, चष्मा एकीकडे, नाक एकीकडे. मी हसलो, आणि या वेळी पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं, ऐकणारे आतच होते. गिऱ्हाईक नसलं की ते आपल्या डोळे तपासायच्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचतात. दुकानात कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं, म्हणाले. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांच्याकडे गर्दी असते.

खुर्च्या ताठ झाल्या. वाचनालयाच्या बाई स्वतः बसून उठल्या.

दुपारी मात्र, ठकू, काही नाही. कडी लावून बसायचो, हात मांडीवर. ना चाहूल, ना काही. तुझ्यावर चिडलो. वाटलं, तुझं ऐकलं आणि दुसऱ्यांदा घालवलं तिला.

आज सहज खाली जाऊन पोत्यावर बसलो. एवढ्या वर्षांत मी तिथे कधी बसलो नव्हतो. अर्धवट विणलेली खुर्ची डोक्यावर होती, वरचं स्टूल रिकामं. खिडकीतलं ऊन भोकाभोकातून तोंडावर पडतं, आणि वरचं माणूस तुकड्या-तुकड्यांनी दिसतं. एवढाच मी दिसत असेन तिला, एक डोळा, हनुवटी, बोटं. मी तसाच वर बघत राहिलो. मग वरचं ऊन हललं, आणि एका भोकातून पट्टी खाली आली. हळूच.

मी ओढली. ताठ बसेपर्यंत ओढली, आणि शेजारच्या भोकातून वर दिली. ती वर घेतली गेली. मग मी हलकासा हिसका दिला.

दार उघडलं तर चष्मेवाले चहा घेऊन उभे. दुपारी आत काय करता, म्हणून विचारत होते. मी उद्या सांगतो म्हणालो. आता तू सांग, सांगू का त्यांना? की दुपारचं दुपारीच राहू दे? मला ठरवता येत नाहीये, आणि ते सकाळी लवकर येतात. तेव्हा गच्चीची पाळी सोड, पण लवकर लिही.

तुझा दादा