कोनाड्यातला कप

सातारा,
१९ फेब्रुवारी १९७५

प्रिय लाला,

तुझं बाड पोचलं. चारशे बारा पानं, आणि दोरी सोडताच हळदीचा वास. सांगलीच्या पेठेवरची तुझी खोली डोळ्यांपुढे आली. बाडासोबत तुझी चिठ्ठी, की महिन्याभरात प्रस्तावना हवी, 'तुझ्यासारख्याने दोन शब्द लिहिले तर अनुवादाला वजन येईल.' तुझ्यासारख्याने म्हणजे कुणी, हे तू लिहिलं नाहीस आणि मलाही विचारावं लागलं नाही.

तू मराठीत आणलेली ही अमेरिकन कादंबरी बी.ए.ला आपल्याला अभ्यासाला होती. नदीकाठी गोऱ्या मालकाचं घर, तंबाखूचे मळे, तीन पिढ्यांची भरभराट नि वाताहत, आणि त्या तिन्ही पिढ्यांना रांधून वाढणारी काळी स्वयंपाकीण. दोघांत एकच प्रत, कृष्णेच्या घाटावर बसून आपण आळीपाळीने वाचायचो. मरणाऱ्या मालकावर ती स्वतःची गोधडी पांघरते तिथे तू रडलास. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. परीक्षेच्या पेपरात मी या कादंबरीला 'अजरामर' म्हटलं आणि वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळवले. आज मी मास्तर आहे तो त्या मार्कांच्या जोरावर, तेव्हा माझं तोंडही फार मोठं नाही.

या वेळी मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचलं. पुराचं प्रकरण अजूनही सुरेख आहे, तू ते उतरवलंयसही झकास. पण तुझे गोरे मालक प्राध्यापकांसारखं शुद्ध बोलतात आणि स्वयंपाकीण बोलते माझ्या आईसारखी. 'व्हय जी', 'न्हाई जी'. बरं, तेही मी गिळलं. मग आलं पान दोनशे सतरा. मालकाचा शिकलेला मुलगा तिला घरातल्या चांगल्या कपात चहा देतो, तेव्हा ती हसून म्हणते, "कशाला नवा कप, धाकलं मालक? माजा हाय की कोनाड्यात." मूळ पुस्तकात ती नुसती मान हलवते. मी तीनदा पाहिलं.

हे वाक्य तू कुठून उचललंस ते मला माहीत आहे. तुमच्या गोठ्याच्या कोनाड्यात माझ्या आईचा कान तुटलेला कप असायचा. शेणघाण काढून झाली की तुझी आई, आक्काताई, वरून त्यात चहा ओतायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, तुमच्या गोठ्यातला कप काही हलला नाही. बी.ए.च्या पहिल्या सुट्टीत तू ही कादंबरी वाचून भारावला होतास. घरातून नवी कपबशी घेऊन आलास आणि आईपुढे धरलीस. आई हसली आणि हेच वाक्य बोलली. तुला वाटलं, बाई समाधानी आहे. मी तिथेच उभा होतो. घरी आल्यावर ती म्हणाली, "त्यो कप मी त्वांडाला लावला आस्ता तर आक्काताईनं उकिरड्यावर फेकला आस्ता. आन उद्यापास्नं मला कामावर कोन घेतं?" हे मी तुला कधी सांगितलं नाही. मैत्री टिकावी म्हणून नाही सांगितलं, आणि आता त्याचीच मला लाज वाटते.

तू लिहितोस, जगाने डोक्यावर घेतलेलं पुस्तक आहे. घेतलं असेल. घेणारे सगळे ओसरीवर बसलेले होते, आणि मीही पेपर लिहिताना तिथेच जाऊन बसलो होतो.

प्रस्तावना मी लिहिणार नाही. पण तेवढ्यासाठी एक कार्ड पुरलं असतं. आई आता माझ्याकडेच असते. रविवारी ती तांदूळ निवडत बसली होती, तिला दोन तास तुझ्या अनुवादातली त्या बाईची पानं वाचून दाखवली. कपाचं वाक्य आलं तसे तिचे हात थांबले. मग विचारलं, "हिला घर न्हाई व्हय रं? सांजची कुठं जाती ही?" मी सगळी पानं चाळली. चारशे बारा पानांत ती बाई एकदाही घरी जात नाही, लाला, आणि हे मला बी.ए.ला दिसलं नाही, तुला अनुवाद करताना दिसलं नाही. आई म्हणाली, "लालाला लिव्ह. त्या बाईला एकदा घरी धाड म्हनावं. घरी जाऊन ती काय बोलती, त्ये बी लिव्ह म्हनावं." म्हणून हे पत्र. तू म्हणशील, मूळ पुस्तकात नाही ते अनुवादकाने कसं घालायचं? कपाचं वाक्यही मूळ पुस्तकात नव्हतं.

इतकं लिहूनही तुझाच,
जोतीराम