सासूबाईंच्या ओव्या आणि माझा रिबन माईक

३ मार्च
रिबन माईक आला. आत पेढ्यावरच्या वर्खासारखी पातळ पट्टी. सासूबाईंच्या गळ्याचं बारा तारखेला ऑपरेशन, आवाज राहतो की नाही डॉक्टरला सांगता येत नाही. त्याआधी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. माझी बायको, प्रेमला, म्हणाली, मोबाईलवर घेऊ का. किळस आली. आईच्या ओव्या, आणि मोबाईल!

५ मार्च
सासूबाई धामणगाव बढ्याहून आल्या. तीन ओव्या घेतल्या. ऐकलं तर नुसता सूंऽऽ, आणि बाई मोताळ्याच्या स्टँडवरून गातायत असं वाटतं. दोष फ्रिजचा. बंद केला.

६ मार्च
दूध नासलं. सूंऽऽ तसाच. मंडपवाला शेखर म्हणे, साहेब, हा माईक लय हळू बोलते, त्याचा आवाज वाढवाले तगडा प्रीअँप लागते. हळदीत डीजे वाजवणाऱ्यानं मला शिकवावं! शी.

८ मार्च
प्रीअँप मागवला. शेखरच्या सांगण्यावरून नाही, माझा स्वतःचा अभ्यास.

१० मार्च, दुपारी ४
प्रीअँप आला, जोडला. काय आवाज! पंख्याची कुरकुरसुद्धा भरदार.

४.२०
वीस वर्षं गणेश मंडळाचं निवेदन केलंय. माईक दिसला की आधी फू, मग हॅलो. दोनदा फू केलं. पट्टी फाटली. फुंकू नये असं माहितीपत्रकात तीन भाषांत छापलंय, मराठीत नाही. या कंपन्यांना लाज कशी वाटत नाही.

११ मार्च
पट्टी चिमट्यानं बसवत होतो. सासूबाई तीन तास पाटावर बसून. तक्रार नाही. माझ्या कामाचं मोल बाई जाणतात. प्रेमलानं मला चहा करून दिला. तिचा माझ्यावर विश्वास आहे. पट्टी बसली नाही.

१२ मार्च
ऑपरेशन झालं. दिवसभर जेवण गेलं नाही. स्वतःचीच शिसारी आली. थोडी कंपनीचीही.

१६ मार्च
सासूबाईंना महिनाभर बोलायची मनाई. पुढचं डॉक्टर नंतर सांगतील. प्रेमलाची माफी मागायला गेलो, तर तिनं मोबाईल पुढे केला. स्वयंपाकघरातलं रेकॉर्डिंग. चौदा ओव्या, शब्द न् शब्द स्वच्छ. सहावीनंतर प्रेमला विचारते, यांना सांगू का. सासूबाई म्हणतात, जावईबापू आपल्या माईकसंगं खेळून राह्यले, खेळू दे. त्याहिले सांगू नोको, वाईट वाटीन.
तारीख पाहिली. ५ मार्च.