बोम्मसंद्र्याचं दार खाली का येईना

बोम्मसंद्रा, मंगळवार, दुपारची सुट्टी

होऊ घातलेल्या विहीणबाई सौ. अंबुबाई यांना पुरुषोत्तमचा हात जोडून नमस्कार. (‘होऊ घातलेल्या’ हे शब्द मी गणपतीत सोयरीक ठरल्यावर सोडून दिले होते, कालपासून नाइलाजाने परत घेतले आहेत.) आपली तब्येत ठीक असेल असं मानतो. गुडघ्याला लावायला पाठवलेलं तेल वापरलंत की कपाटात ठेवलंत, ते कळवा. मला कपाटाची शंका आहे. काल आपल्याला तीन फोन केले आणि तिन्ही वेळा आपण “आमेले माताडोणा” म्हणून ठेवून दिलात. ‘नंतर बोलू’ एवढं कन्नड मला तीन वर्षांत समजायला लागलं आहे, पण हे ‘नंतर’ साखरपुड्याच्या आधी येतं की मागून, ते समजत नाही. म्हणून हे पत्र आमच्या लेकीच्या, शाल्मलीच्या हाती आपल्याकडे चामराजपेटेत पाठवतो आहे. पाकिटाच्या चारही कडांना टेप लावली आहे. एखादी कड सुटलेली दिसली तर तिला विचारा.

आपले थोरले बंधू विठोजीअण्णा साखरपुड्याला येणार नाहीत आणि मुलाचा मामा पाटाशी उभा नसेल तर आपल्या घरात साखरपुडा होत नाही, हे मला जावईबापूंकडून, म्हणजे आपल्या गिरीराजकडून कळलं. अण्णांनी आपल्याला त्यांची बाजू सांगितली असेलच. आता माझी ऐका. आमचा कारखाना चटणीपूड आणि मसाले पाकिटात भरतो, मी तिथला प्रशासन अधिकारी आणि अण्णा आमच्या दारांची देखभाल करणारे. माल चढवायच्या धक्क्यावर एक मोठं दार आहे, मोटरवर वरखाली होणारं. (आपल्या घराच्या दर्शनी भिंतीएवढं असेल. वजन अण्णांना विचारा, मला त्यांनी कधी सांगितलं नाही, का सांगितलं नाही ते देव जाणे.) त्याच्या चौकटीत दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर सुपारीएवढे दोन डोळे आहेत. एकाचा किरण दुसऱ्याला दिसला तर दार खाली येतं. मध्ये माणूस किंवा गोणी आली की ते थांबून परत वर जातं.

गेल्या बुधवारी आपली खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा झाली. कोहळा फुटला, फोर्कलिफ्टला झेंडूची माळ चढली, वजनकाट्यापासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं. आणि त्याच संध्याकाळी दार बिघडलं. बटण दाबलं की वीतभर खाली यायचं, थबकायचं आणि लाजल्यासारखं परत वर जायचं. चौघांनी साखळी ओढून ते कसंबसं लावलं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. मसाल्याच्या कारखान्याचं दार दिवसभर उघडं म्हणजे उंदरांना अक्षतच की! त्यात सोमवारी दुपारी तपासणीची माणसं यायची होती. मी गेटवरच्या देवव्रतला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, हमने हाथ नहीं लगाया.” मी हात लावलास का असं विचारलंच नव्हतं, तेव्हा त्याचं नाव वहीत पहिलं लिहिलं. फोर्कलिफ्ट चालवणारा विराट काहीच बोलला नाही, म्हणून त्याचं दुसरं.

मग मी कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काढून बसलो. आणि अंबुबाई, मला जे दिसलं त्याने मी खुर्चीतच सरळ झालो. दर महिन्याच्या फेरीला अण्णा साखळीला तेल घालतात, बोल्ट आवळतात, आणि मग इकडेतिकडे बघून (हे इकडेतिकडे फार महत्त्वाचं आहे) खाली येणाऱ्या दाराखाली स्वतःच्या हाताने लाकडाचा ठोकळा सरकवतात. दार थांबतं आणि वर जातं. अण्णा मान डोलावतात. पुन्हा ठोकळा, पुन्हा दार वर, पुन्हा मान. सात महिने हेच! मी ताबडतोब मॅनेजरसाहेबांना लेखी तक्रार केली की हा मनुष्य आमच्या दाराला परत फिरायला पद्धतशीर शिकवतो आहे, तेव्हा याचं काम बंद करावं. नातं नात्याच्या जागी, नोकरी नोकरीच्या जागी. ठोकळा म्हणजे दार माणसाला ओळखून थांबतं की नाही याची परीक्षा असते, हे मला काल कळलं. आधी कुणी का सांगितलं नाही, हा प्रश्न उरतोच.

सोमवारी सकाळी अण्णा आले. तपासणी तोंडावर होती, म्हणून मी म्हटलं, डोळ्यांना वळसा घालून वायर जोडा आणि आजचा दिवस दार चालवा. तर म्हणाले, “इल्ला सायबा, ते मी करणार नाही. डोळे नसलेल्या दाराला गोणी आणि माणसाची मुंडी सारखीच.” मला वाटलं, काम वाढवायचा डाव आहे. चारचौघांसमोर मी बोलून गेलो की बिघडवणाराच वैद्य होऊन आला आहे. अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी ओलं फडकं घेऊन दोन्ही डोळे पुसले, बटण दाबलं, आणि दार सुरळीत खाली आलं. फडक्यावर हळद होती, कुंकू होतं. “सरी, सायबा,” म्हणजे ‘ठीक आहे’, एवढंच म्हणून पिशवी उचलून ते निघून गेले.

तर मूळ दोष हळदकुंकवाचा. डोळ्यांवर ते कुणी फासलं, याची चौकशी चालू आहे. (फडक्यात आधीपासूनच होतं का, हाही मुद्दा मी खोडलेला नाही.) गुन्हेगार सापडताच आपल्याला कळवीन, म्हणजे अण्णांचा राग योग्य माणसावर जाईल. घरातल्या थोरांना नमस्कार, गिरीराजला आशीर्वाद.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. : गुन्हेगार सापडला. बुधवारचं चित्रण आत्ताच पाहिलं. झब्बा घातलेला एक गृहस्थ, पाठमोरा, टाळूवर रुपयाएवढं टक्कल. एकेका डोळ्याला अंगठ्याने हळद दाबून लावतो, वर कुंकू, वर अक्षता, म्हणजे मनापासून करतो आहे. टक्कल ओळखीचं वाटेना, म्हणून तीनदा मागे नेऊन पाहिलं. चौथ्यांदा तो वळला आणि त्याने कॅमेऱ्यालाही नमस्कार केला. अंबुबाई, तो मी होतो. मला टक्कल आहे हे घरात कुणीही मला सांगितलेलं नाही.

ता. क. २ : खरी विनंती ही. अण्णांना अजून कालचा अहवाल लिहून द्यायचा आहे. त्यात कारण ‘धूळ’ असं लिहिलं तर? धूळ कुणाचीही असते. मी तक्रार गुपचूप मागे घेतो, ते साखरपुड्याला येतात, आणि कॅमेऱ्याचं चित्रण सात-आठ महिन्यांत आपोआप पुसलं जातं. एवढं आपण त्यांच्या कानावर घालावं.

ता. क. ३ : संध्याकाळ. शाल्मलीने टेप कापून पत्र वाचलं. रागावली असती तर मी दोन शब्द सुनावले असते, पण ती रडली. म्हणाली, “बाबा, मामांनी खोटं लिहायचं, तेही तुमच्यासाठी?” ती लहानपणीसुद्धा अशी रडली नव्हती, मला ते बघवलं नाही. तेव्हा ता. क. २ रद्द समजावा. मॅनेजरसाहेबांना आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना मेल पाठवली आहे : हळदकुंकू मी लावलं, तक्रार खोटी होती, वायर जोडायला मीच सांगत होतो, आणि विठोजीअण्णांनी नाही म्हटलं म्हणून कुणाचं डोकं फुटलं नाही. पाठवल्यावर पाणी प्यायलो. उद्या संध्याकाळी त्यांची माफी मागायला चामराजपेटेत येतो आहे. मी येणार हे त्यांना आधी सांगू नका. त्यांच्या जागी मी असतो तर घरी थांबलो नसतो.